उसाच्या गाडीवरील बिनतारी यंत्र : बसवणी आणि खबरदारी



३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली, ही बातमी आपण वाचली असेलच. त्याच समारंभात आणखी एका योजनेचा प्रारंभ झाला. किनाऱ्यावरील १३ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख मच्छीमार होड्यांवर टप्प्याटप्प्याने बिनतारी यंत्र बसवायचे, अशी ती योजना. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये आणि यंत्र आपल्या इस्रोने तयार केलेले. होडी कुठे आहे ते त्यामुळे किनाऱ्यावर कळते, वादळाचा इशारा होडीपर्यंत जातो आणि संकटात सापडलेला तांडेल मदतीचा निरोप धाडू शकतो.

आता कोणी म्हणेल, आपण घाटावरची ऊसकरी माणसं, आपला होडीशी काय संबंध? संबंध आहे. पालघर तालुक्यातल्या माहीमच्या (हे मुंबईतले माहीम नव्हे, केळव्याजवळचे) किंवा शेजारच्या सातपाटीच्या होडीवर जे यंत्र बसते, त्याच जातीचे यंत्र उसाच्या ट्रॅक्टरवर बसते. फरक इतकाच की होडीचे यंत्र उपग्रहामार्फत बोलते, कारण भर समुद्रात मोबाईलचा टॉवर नाही. आपले यंत्र टॉवरमार्फत बोलते. बाकी बॅटरीवरून वीज घेणे, उघड्या आभाळाखाली अँटेना लावणे आणि पाणी, धूळ, हादरे सोसणे हे दोघांना सारखेच.

अशी यंत्रे ऊसवाहतुकीच्या गाड्यांवर बसू लागल्यापासून आमच्याकडे नेहमी तेच प्रश्न येतात. "यानं बॅटरी उतरते का? गाडी पेट घेते का? डोक्याला काही होतं का? आणि माझ्या वजनात फरक पडतो का?" या प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावीत म्हणून हा लेख. आमचे सांगणे थोडक्यात असे, की यंत्रात भिण्यासारखे काही नाही, भीती आहे ती वाईट बसवणीची.

यंत्र काय करते, काय करत नाही

यंत्राचे दोन भाग असतात. एक भाग उपग्रहांचे संकेत ऐकून आपण कुठे आहोत हे ठरवतो. दुसरा भाग, ज्याला मोडेम म्हणतात, ती माहिती मोबाईलच्या लहरींवरून कार्यालयाकडे पाठवतो. गाडी फडात उभी आहे, रस्त्यावर आहे की केन यार्डात नंबर लावून आहे, एवढे त्यावरून समजते. वजन त्याला कळत नाही. वजन काट्यावरच होते आणि बिल काट्याच्या पावतीवरच निघते. तेव्हा शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे.

फायदा सभासदांचाच आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या दरातूनच वजा होतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर वजन घटते आणि उताराही उतरतो. कोणती खेप कुठे अडकली हे लवकर कळले तर इलाज लवकर होतो. पण यंत्र बसवताना केलेल्या चुकीने गाडीच वाटेत उभी राहिली, तर रोगापेक्षा औषध जालीम असे व्हायचे.

वीजजोडणी : पहिला मान फ्यूजचा

या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे फ्यूज. तोच गाळला जातो. तसे झाल्यास काय घडते ते पाहा. बॅटरीपासून यंत्रापर्यंत लाल वायर नेली. ती बॉनेटच्या कडेला घासत गेली. हादऱ्यांनी महिन्याभरात वरचे आवरण झिजले आणि तांबे पत्र्याला टेकले. बॅटरी लहान दिसली तरी इंजिन फिरवणारी शक्ती तिच्यात आहे. ती सगळी त्या बारीक वायरीतून धावते आणि वायर निखाऱ्यासारखी लाल होते. शेजारी डिझेलची नळी, मागे पाचटासकट ऊस. पुढचे सांगायला नको.

फ्यूज असेल तर तो क्षणात वितळतो आणि गोष्ट तिथेच संपते. मात्र तो बॅटरीच्या जवळ, एका विताच्या आत हवा. यंत्राजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीचे रक्षण करत नाही. फ्यूज किती अँपिअरचा घालायचा हे यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेले असते, तेवढाच घालावा. फ्यूज उडाला म्हणून तिथे तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे चोराला घराची किल्ली देणे होय.

बाकीची काळजी अशी :

१. ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची, मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची. यंत्र दोन्हींवर चालणारे आहे का, हे आधी पाहावे.

२. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम सोडवावी आणि काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी. नाहीतर पान्याचा एक टोला पत्र्याला लागला की ठिणगी उडते.

३. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. रंगावर विसंबू नये, टेस्टलॅम्प किंवा मीटर लावून खात्री करावी.

४. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघडा केलेला पत्रा व घट्ट बोल्ट हवा. गंजक्या स्क्रूवर दिलेली अर्थिंग म्हणजे नसल्यात जमा.

५. वायर पत्र्याच्या भोकातून न्यायची तर भोकात रबरी बूच बसवावे. सायलेन्सर, डिझेलची नळी, ब्रेक, क्लच आणि स्टिअरिंग यांपासून वायर दूर ठेवावी व हातभर अंतराने बांधावी. हवेची पिशवी असलेल्या ट्रकमध्ये ती पिशवी जिथून फुगते तिथे यंत्र किंवा वायर लावू नये.

६. ट्रॅक्टर-ट्रेलरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची वायर आणि यंत्राचे जोडटोक दोन्ही काढावे. हंगामात रात्री-बेरात्री वेल्डिंग होते आणि यंत्रे जळतात ती बहुधा अशा वेळीच.

माहीम-सातपाटीकडे खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा कळंक चढतो. आपल्याकडे खारी हवा नाही, पण उसाचा रस, धूळ आणि गाडी धुण्याचे पाणी आहे. म्हणून जोड नुसता पिळून ठेवू नये. तो नीट दाबून घ्यावा, वर रबरी चिकटपट्टी गुंडाळावी आणि वायरीला खाली थोडा झोल द्यावा, म्हणजे पाणी जोडात न शिरता झोलावरून ठिबकून जाते.

अँटेना : त्याला आभाळ दिसले पाहिजे

जी.पी.एस.चे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो आणि पत्र्यातून तो पार होत नाही. म्हणून अँटेना छताच्या वर लावावा, पत्र्याखाली नको. वरची बाजू खाली करून लावलेला अँटेनाही पुष्कळदा आढळतो. मग गाडी असते फडात आणि दाखवते दुसऱ्याच गावात. दोष मात्र यंत्राला मिळतो.

मोबाईलच्या लहरींच्या काही अँटेनांना खाली धातूचा पत्रा लागतो. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते आणि अँटेनाची काडी तिच्या चौथाईएवढी, म्हणजे ८ सेंटिमीटरच्या आसपास असते. उरलेले काम खालचा पत्रा करतो. ट्रॅक्टरचे छत फायबरचे असेल तर अशा अँटेनाखाली वीतभर लांबी-रुंदीचा पत्रा बसवावा. फायबरवर लोहचुंबक धरत नाही, हेही लक्षात असू द्यावे. खड्ड्यातल्या एका दणक्याने अँटेना खाली आणि मागच्या चाकाखाली! बोल्टाचा अँटेना बरा.

अँटेनाची केबल कापून, पुन्हा जोडून लांब-आखूड करू नये. ही साधी वायर नव्हे, जोड दिला की तिचा जोर जातो. जादा केबल घट्ट गुंडाळी करून कोंबण्याऐवजी सैल वेटोळे करून बांधावी.

डोक्याला काही होते का?

पालघर जिल्ह्यातच तारापूरचे अणुवीज केंद्र आहे, १९६९ पासूनचे. 'रेडिएशन' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे अणुकेंद्र येते आणि अँटेनातूनही तसलेच काही निघते असा समज होतो. तो बरोबर नाही. अणूतून निघणारे किरण शरीरातील कणांची मोडतोड करू शकतात. मोबाईलच्या लहरींत ती ताकद नसते. फार जवळून, फार जोराने मिळाल्या तर त्या थोडी ऊब निर्माण करतात. चार-जी यंत्राचा जोर वॅटच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो, जुन्या टू-जीचा क्षणभराचा जोर दोन वॅटपर्यंत जातो.

तरीही नियम आहे आणि तो पाळावा. बहुतेक यंत्रांच्या माहितीपत्रकात अँटेना व माणूस यांत निदान २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत अंतर ठेवा असे लिहिलेले असते. छतावर अँटेना लावला तर ड्रायव्हरपासून तेवढे अंतर सहज राहते. मडगार्डवर मात्र लावू नये. तिथे बसू नका असे आम्ही दर हंगामात सांगतो, आणि तरी तिथे कोण बसते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

वरच्या तारा

अँटेना गाडीच्या भरलेल्या मापापेक्षा उंच जाता कामा नये. शिवारातून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या तारा कित्येक ठिकाणी लोंबतात. रेल्वेची तार तर २५ हजार व्होल्टची असते. पालघर-बोईसरचा लोहमार्ग असो की आपल्या भागातले फाटक, तिथला उंचीचा आडवा गज त्यासाठीच असतो. लांब काडीच्या अँटेनाने रेंज वाढते म्हणून तो लावण्याचा मोह टाळावा. तारेखाली गाडी उभी करून छतावर चढू नये, अँटेना हलवायचा असला तरीही.

किल्ली काढली म्हणजे यंत्र बंद झाले नाही

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंद होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असे यंत्र सक्तीचे झाले. त्यासाठीचे मानक ए.आय.एस. १४०. या मानकात यंत्राच्या पोटातच छोटी बॅटरी हवी आणि गाडीची वीज तुटली तरी तिच्यावर ते निदान चार तास चालावे असे ठरले आहे. ऊसवाहतुकीचे यंत्र घेतानाही याच मानकाचे मागावे, टिकाऊ असते. पण याचा अर्थ असा, की इंजिन बंद केले, किल्ली खिशात घातली, तरी यंत्र लहरी पाठवतच असते. फ्यूज काढला तरीही!

म्हणून दोन ठिकाणी जपायचे.

एक, जिथे पेट घेणारी वाफ असते तिथे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने पुष्कळ, त्यामुळे ज्वालाग्राही माल नेणारे टँकर हे तिथले रोजचे दृश्य. साखर कारखान्यांना हे परके नाही, कारण इथेनॉल हा ज्वालाग्राहीच माल आहे. इथेनॉलच्या टाक्या व भरणी-जागा यांच्या कुंपणाआत परवानगी नसलेले यंत्र असलेली गाडी नेऊ नये. ट्रॅक्टर सावलीला लावायला ती जागा नव्हे. 'मी तर बंद करून ठेवलाय' हे उत्तर तिथे चालत नाही, कारण आतले यंत्र चालू असते.

दोन, विहिरीच्या सुरुंगाजवळ. विजेच्या डिटोनेटरच्या वायरी जमिनीवर पसरलेल्या असल्या की त्या स्वतःच अँटेनासारख्या लहरी पकडतात. जवळच्या बिनतारी यंत्राने त्यांत प्रवाह निर्माण होऊन सुरुंग अवेळी उडण्याचा धोका असतो. विहिरीचे काम चालू असेल तर सुरुंगवाल्याला आधी विचारावे आणि तो सांगेल तेवढ्या अंतरावर गाडी ठेवावी. खिशातल्या मोबाईललाही हाच नियम.

हंगाम संपल्यावर

बॅटरी उतरते का, या प्रश्नाचा हिशेब आपणच करून पाहू. समजा, यंत्र स्वस्थ असताना २० मिलिअँपिअर वीज घेते. दिवसाला झाली जवळजवळ अर्धा अँपिअर-तास. हंगामात गाडी रोज चालते, तेव्हा ती जाणवतही नाही. पण हंगामानंतर ट्रॅक्टर पाच महिने शेडमध्ये उभा राहिला तर ७२ अँपिअर-तास गेले, म्हणजे बहुतेक सगळी बॅटरी रिकामी! म्हणून गाडी महिन्याहून अधिक उभी राहणार असेल तर गट ऑफिसला कळवून यंत्राचे जोडटोक काढावे. न कळवता काढले तर वायर तोडल्याचा इशारा कार्यालयात जातो आणि विनाकारण गैरसमज होतो. पुन्हा जोडण्यापूर्वी वायरी उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, हे पाहावे.

यंत्र बसवून झाले की मिस्त्रीला तसेच जाऊ देऊ नये. वाहनमालकाने स्वतः उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात : फ्यूज बॅटरीजवळ आहे का, वायर कुठे घासते का, अँटेनाला आभाळ दिसते का, आणि तो कोणाच्या डोक्याजवळ किंवा भरलेल्या मोळ्यांच्या वर तर येत नाही ना. चारही उत्तरे मनासारखी मिळाली तरच सही करावी.

माहीमचा तांडेल होडी समुद्रात लोटण्यापूर्वी दोर, इंजिन, डिझेल सगळे पाहून घेतो, कारण मध्येच काही तुटले तर तिथे गॅरेज नाही. आपल्याला रस्त्यावर गॅरेज मिळते म्हणून आपण थोडे ढिले राहतो. पण ऊस वाळायला आणि वायर पेटायला गॅरेज दूर असावे लागत नाही. पहिली खेप निघण्यापूर्वी प्रत्येक वाहनमालकाने अर्धा तास काढून ही तपासणी करावी, एवढीच आमची विनंती.