दोष सुनेचा नव्हे : मुलांच्या बुद्धीविषयी चार शब्द



उसावर केवडा पडला तर आपण नशिबाला बोल लावत नाही. चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळत नाही हे जाणून हिराकस फवारतो. पण घरातले मूल उशिरा बसू लागले, बोलेना, शाळेत मागे पडले, की तिथे मात्र कारण न शोधता दोषी शोधतो. ग्रहण पाळले नाही, पूर्वजन्मीचे पाप, आणि शेवटी सगळे सुनेच्या माथी! एखादीला तर माहेरी धाडतात. ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना हे आमच्या कानावर येते, म्हणून या अंकात रान सोडून घराविषयी लिहीत आहोत.

आपण ज्याला मतिमंदत्व म्हणत आलो, त्या बौद्धिक अक्षमतेची कारणे अनेक आहेत. काही बेण्यातली असतात. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. डाऊन सिंड्रोमच्या बहुतेक मुलांत 21 व्या क्रमांकाचे एक जादा, म्हणजे 47. फ्रान्सच्या जेरोम लेजून यांनी हे 1959 साली प्रसिद्ध केले. आईचे वय वाढेल तशी ही शक्यता वाढते. पण तरुण आईलाही असे मूल होते, आणि कधी जादा गुणसूत्र वडिलांकडून येते. दुसरे काही आजार असे, की दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच मुलात दिसतो. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात हा धोका वाढतो. मग एकट्या सुनेला बोल कसा लावायचा?

काही कारणे मात्र टाळता येतात. मेंदूच्या वाढीला थायरॉईडचा रस लागतो आणि तो तयार व्हायला आयोडिन. गरोदरपणी ते फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि पुढे ती भरून निघत नाही. कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी 1956 पासून काही भागात आयोडिनयुक्त मीठ देऊन पाहिले. तिथे गलगंड कमी झाला. 1962 पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरी पोहोचणाऱ्या मिठात किलोला निदान 15 मिलिग्रॅम आयोडिन हवे. तरी जनावरांसाठी आणलेले खडे मीठ काही घरांत आमटीत पडतेच. ते गोठ्यातच राहू द्यावे.

काही बाळांची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच काम करीत नाही. बाळ वरून धडधाकट दिसते. टाचेच्या रक्ताच्या दोन थेंबांवर हे कळते. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची गोळी सुरू झाली तर बहुतेक मुलांची बुद्धी चारचौघांसारखी वाढते. उशीर झाला तर गेलेले परत मिळत नाही. लागणीचा हंगाम चुकला तर काय होते, हे आपणास सांगायला नको.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

1. घरात आयोडिनचेच मीठ, झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवावे.
2. बाळंतपण दवाखान्यातच करावे. जन्मताच न रडलेले किंवा फार पिवळे पडलेले बाळ ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.
3. टाचेच्या रक्ताच्या तपासणीविषयी स्वतः विचारावे.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी ते लपवू नये. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेत तपासणी होते, पुढील उपचारांची सोयही आहे. मूल शिकते, आपल्या गतीने. आणि त्याच्या आईला बोल लावणे आजपासून बंद करावे, ही आमची हात जोडून विनंती.

— ऊस विकास अधिकारी