जाळायचे राहिले आणि कोटींचे झाले

पत्राच्या शेवटी त्याने बजावले होते, ‘नेहमीप्रमाणे जाळून टाक.’

दिवस होता २४ नोव्हेंबर १८४७. अमेरिकेतील अलेक्झांड्रिया गावच्या जेम्स हूफ या तरुणाने रिचमंडला असलेल्या जॅनेट ब्राऊनला हे पत्र पाठवले. दोघे दूरच्या नात्यातले, पण घराण्यांचे धर्मपंथ वेगळे. त्यामुळे सारा पत्रव्यवहार चोरून चाले. वाचलेले पत्र लगेच आगीत टाकायचे, असा शिरस्ताच होता. हे एक पत्र मात्र जॅनेटने जाळले नाही. १८५३ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे १९०७ मध्ये त्यांच्या मुलीला आईच्या शिवणाच्या पेटीत तो लिफाफा सापडला. त्यावर निळ्या कागदाचे एक साधेसे गोल तिकीट होते. संग्राहक त्याला ‘ब्लू बॉय’ म्हणतात. २०१९ मध्ये हा लिफाफा लिलावात ११ लाख ८० हजार डॉलर्सना, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे आठ कोटी रुपयांना विकला गेला!

तिकिटे जमवणारी मुले आपल्या ओळखीची असतात. पाण्यात भिजवून तिकीट सोडवायचे आणि वहीत चिकटवायचे, ही त्यांची रीत. पण जुन्या अमेरिकन टपालाचा संग्राहक हे पाहून कपाळावर हात मारील. त्याला हवा असतो अख्खा लिफाफा: पत्ता, तिकीट, शिक्के, कारकुनाची खरड, सगळ्यांसकट. कारण पत्र कुठून निघाले, कसे गेले आणि पैसे कोणी भरले, हे तो लिफाफाच सांगतो.

तिकीट नव्हते तेव्हा

१ जुलै १८४७ पर्यंत अमेरिकेत देशभर चालणारे टपाल तिकीटच नव्हते. हशील बहुधा पत्र घेणारा भरत असे. १८४५ पर्यंत आकार ठरे तो अंतर आणि कागदांची संख्या पाहून. चारशे मैलांच्या पुढे एका कागदाला २५ सेंट, दोन असले की दुप्पट. लिफाफा हाही एक कागदच मोजला जाई! म्हणून लोक लिहिलेला कागदच घडी घालून लाखेने बंद करीत आणि त्याच्याच पाठीवर पत्ता लिहीत. पोस्टमास्तर कोपऱ्यात हाताने आकडा घाली. तिकीट नसलेल्या अशा पत्रांचा संग्रह ही या छंदाची एक मोठी शाखा आहे.

१८४५ च्या सुधारणेने हशील वजनावर आले. अर्ध्या औंसाला तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि त्यापुढे दहा. तेव्हा काही गावच्या पोस्टमास्तरांनी सरकारची वाट न पाहता स्वतःच तिकिटे छापून घेतली. अलेक्झांड्रियाचे पोस्टमास्तर डॅनिएल ब्रायन हे त्यांपैकी एक. त्यांची बाकीची तिकिटे पिवळसर कागदावर आहेत. निळ्या कागदावरचे तिकीट आजवर एकच मिळाले आहे, ते जॅनेटच्या पेटीतले.

बुचावरचे कोंबडे

तिकिटे आली तशी नवी काळजी आली. एकदा वापरलेले तिकीट कोणी पुन्हा लावले तर? ते रद्द करायला हवे. कुठे पेनने फुली मारीत, कुठे शिक्का. सरकारी शिक्का सगळीकडे मिळत नसे, म्हणून अनेक पोस्टमास्तर आणि कारकून बाटलीचे बूच घेऊन चाकूने त्यावर नक्षी कोरीत.

या कलेत सर्वांवर मात केली ती कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी गावच्या जॉन हिल यांनी. १८६५ नंतरच्या काही वर्षांत त्यांनी कवटी, मधमाशी, बूट अशी कितीतरी चित्रे बुचावर कोरली. १८६९ च्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास त्यांनी एक धावते कोंबडे कोरले. सणाला कापला जाणारा पक्षी जीव घेऊन पळतो आहे, असाच भास होतो. बूच मऊ असल्याने लवकर झिजे, म्हणून असा शिक्का थोडेच दिवस चाले. कारकुनाची ती घटकाभराची गंमत आज संग्राहकांच्या यादीत अगदी वरच्या जागी आहे.

घोडा, लुटारू आणि यादवी

एप्रिल १८६० मध्ये मिसूरीतील सेंट जोसेफ ते कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटो अशी ‘पोनी एक्स्प्रेस’ सुरू झाली. अंतर जवळजवळ १,९०० मैल, मुदत दहा दिवस. दर दहा-पंधरा मैलांवर ताजा घोडा तयार. सुरुवातीला अर्ध्या औंसाला पाच डॉलर्स पडत. ऑक्टोबर १८६१ मध्ये तारायंत्राची तार देशाच्या दोन्ही टोकांना जोडली गेली आणि घोड्यांचे काम संपले. जेमतेम दीड वर्षाचा हा खेळ, म्हणून त्याचे लिफाफे दुर्मीळ. त्यांतल्या दोन लिफाफ्यांवर वेगळाच मजकूर आहे: १८६० मध्ये इंडियनांनी चोरलेल्या टपालातून हे परत मिळाले. ती थैली दोन वर्षांनी सापडली आणि पत्रे १८६२ मध्ये पूर्वेकडे पोचली.

१८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतील पोस्टांत पडून असलेली तिकिटे विकून शत्रूने पैसा उभा करू नये, म्हणून उत्तरेच्या सरकारने जुनी तिकिटेच बाद केली. दक्षिणेत कागदाचा इतका दुष्काळ पडला, की लोक भिंतीला चिकटवायच्या नक्षीच्या कागदाचे लिफाफे करू लागले. आलेला लिफाफा उलटा करून पुन्हा वापरीत. सैनिकाकडे तिकीट नसेल तर तो वर ‘सैनिकाचे पत्र’ असे लिही आणि पैसे घरचे लोक देत. कैदेतल्या मुलाचे पत्र पांढऱ्या निशाणाखाली सीमा ओलांडून येई. मजकूर एका पानाचा, घरगुती, आणि अधिकाऱ्याने तपासलेला. काही लिफाफ्यांवर दोन्ही शत्रुपक्षांची तिकिटे शेजारी शेजारी दिसतात.

नाहीसे झालेले गाव

महागड्या वस्तूंच्या पलीकडेही या छंदात पुष्कळ आहे. १९०१ मध्ये अमेरिकेत ७६,९४५ टपाल कार्यालये होती. त्यानंतर खेड्यांत घरपोच टपाल पसरत गेले आणि हजारो लहान कार्यालये बंद पडली. काही गावे खाणीतले सोने संपताच उठून गेली. तिथे कधीकाळी माणसे राहत होती, याची खूण म्हणून एका वर्तुळातले गावाचे नाव उरले. एकाच जिल्ह्याचे सगळे शिक्के जमवण्यात आयुष्य घालवणारे संग्राहक आहेत. ओहायो राज्यात बेलव्ह्यू येथे तर केवळ टपाल-शिक्क्यांचे संग्रहालय आहे.

आपल्याकडचा एक धागा

या काळातील एक अमेरिकन पत्रव्यवहार मराठी माणसाला विसरता येणार नाही. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी १८८० मध्ये एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोशी यांचे पत्र वाचले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र घातले आणि दोघींत मावशी-भाचीचे नाते जुळले. त्या पत्रांच्या आधारावर आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. विशेष म्हणजे गोपाळराव स्वतः टपाल खात्यात नोकरीला होते!

संग्रह करायचा तर

हा छंद श्रीमंतांचाच, असे समजू नका. १८५१ आणि १८६१ च्या तीन सेंटांच्या तिकिटांची साधी पत्रे भरपूर उपलब्ध आहेत आणि ती माफक किमतीत मिळतात. घेताना एवढे पाहा:

• शिक्का तिकिटावरून सलग लिफाफ्यावर उतरला आहे का? नसेल तर तिकीट मागाहून चिकटवलेले असू शकते.

• त्या तारखेचा दर आणि लावलेले तिकीट जुळते का? १८५१ पासून आगाऊ भरलेल्या साध्या पत्राला तीन सेंट पडत. १८५६ पासून तिकीट लावणे सक्तीचे झाले.

• जुन्या शिक्क्यांत बहुधा वर्ष नसते. पत्र घेणाऱ्याने कडेला टिपलेली तारीख आणि आतला मजकूर पाहा.

• वस्तू महाग असेल तर न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनसारख्या संस्थेचा दाखला मागा. नकली शिक्के मारणारे पूर्वीही होते, आजही आहेत.

• तिकीट सोडवू नका, चिकटपट्टी लावू नका, पेनने काही लिहू नका. लिफाफा ऊन आणि दमट हवा यांपासून दूर, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा.

आणि हो, दिवाळीची साफसफाई करताना आजीच्या ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा सापडला, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा शिक्के वाचून पाहा. कोटी रुपये बहुधा मिळणार नाहीत. पण आजोबा त्या वर्षी कुठे होते, आणि पत्र घरी पोचायला किती दिवस लागले, हे तरी नक्की कळेल.