चतुराची झडप आणि वालधुनीचे डास

पाऊस ओसरून ऊन पडले की विठ्ठलवाडी स्थानकाजवळच्या मोकळ्या जागांवर पिवळसर चतुर घिरट्या घालू लागतात. मुले त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. वाघाचे बहुतेक हल्ले वाया जातात. प्रयोगांत पाहिलेल्या चतुरांनी मात्र झेप घेतलेल्या शंभर भक्ष्यांपैकी नव्वदहून अधिक पकडली.

हे केवळ वेगाचे काम नाही. सीमारेषेकडे निघालेला चेंडू अडवायला चांगला क्षेत्ररक्षक चेंडूमागे न धावता तिरका धावतो. चतुरही डासाचा पाठलाग करत नाही. डास जिथे पोहोचेल तिथे आधी जातो. भक्ष्य डोळ्यात एकाच जागी दिसत राहील अशी दिशा त्याने राखली, की गाठ पडणारच. डोळ्यांकडून पंखांकडे हा संदेश नेणाऱ्या खास चेतापेशींच्या जोड्या अवघ्या ८! चारही पंख स्वतंत्रपणे हलतात, काटेरी पायांची टोपली होते आणि जेवण हवेतच उरकते.

अंधार पडला की पाळी लहान वटवाघळांची. ती आवाजाच्या प्रतिध्वनीवरून कीटक हेरतात. झडपेच्या अखेरच्या क्षणी हे आवाज सेकंदाला दीडशेहून अधिक होतात. आपल्या कानांना ते ऐकू येत नाहीत.

मग एवढे शिकारी असताना डास का हटत नाहीत? उत्तर वालधुनीच्या पाण्यात आहे. चतुराचे बालपण पाण्यात जाते. तिथे तो डासांच्या अळ्या खातो, पण श्वास घेतो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर, तोही गुदमार्गातील कल्ल्यांनी. सांडपाण्यात हा प्राणवायू उरत नाही. क्युलेक्स डासाची अळी मात्र शेपटाकडची नळी पृष्ठभागावर आणून थेट हवा घेते. म्हणजे घाण पाण्यात शिकारी गुदमरतो आणि शिकार फोफावते. हत्तीरोग पसरवणारा डास तो हाच.

डेंग्यूचा एडिस वेगळा. तो घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. तिथे चतुर फिरकत नाही. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात, आणि धुरात सापडलेले इतर कीटकही जातात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासायचे. एडिसची अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.