आपल्या टीममधला फ्रेडी

लिफ्टचं दार अडकलं की 'दया, दरवाजा तोड दो' म्हणणारा एक तरी नग प्रत्येक ऑफिसात असतो. वाशी ते बेलापूर, कुठल्याही कॅन्टीनमध्ये हवेत हात फिरवून 'कुछ तो गडबड है' करून बघा, हशा ठरलेला. एसीपी प्रद्युम्न आणि दया यांचे जोक्स आपले कधीचे पाठ झालेत. पण माझा जीव ज्याच्यावर, तो या दोघांच्या मागे उभा असायचा. जरासा गोंधळलेला. इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स, म्हणजे आपला फ्रेडी!

'सीआयडी' सोनीवर सुरू झाली २१ जानेवारी १९९८ ला. मालिका तशी गंभीर, खूनबिन नेहमीचेच. पण आपण ती निम्मी हसण्यासाठीच बघितली, मान्य करून टाकू या. त्यातलं ठरवून केलेलं हसू मात्र फ्रेडीचं. भुताला घाबरणारा, बायकोला त्याहून जास्त घाबरणारा, भलतीच थिअरी मांडून सरांची बोलणी खाणारा पोलीस. १९८५ च्या 'करमचंद'मध्ये किटीनं दूरदर्शनवर जे काम केलं, तेच यानं वीसेक वर्षं केलं.

काम कसलं? बावळट प्रश्न विचारायचं! रहस्यकथेला असा एक माणूस लागतोच. डॉ. साळुंखे लॅबमध्ये कुठल्याशा विषाचं लांबलचक नाव घेतात, तेव्हा सोफ्यावर बसलेल्या आपल्याला काय कळतं? कप्पाळ! दयानं किंवा अभिजीतनं 'म्हणजे काय?' विचारलं तर त्यांचा रुबाब गेला. मग फ्रेडी विचारतो. बोलणी त्याला, उत्तर आपल्याला.

गंमत म्हणजे हा 'ढ' फ्रेडी साकारणाऱ्या दिनेश फडणीस यांनी 'सीआयडी'चे काही भाग स्वतः लिहिले होते. रहस्याची गाठ मारणारा माणूसच पडद्यावर 'मला काही कळलं नाही' असा चेहरा करून उभा! 'सरफरोश' आणि 'सुपर ३०'मध्येही ते दिसले, पण ओळख राहिली ती फ्रेडीचीच.

महापेच्या एका आयटी कंपनीतली माझी मैत्रीण सांगते, त्यांच्याकडेही एक फ्रेडी होता. प्रेझेंटेशन रंगात आलं की हात वर करून 'सॉरी, पण हे नक्की कशासाठी?' विचारणारा. सगळे हसायचे आणि उत्तर मात्र गुपचूप वहीत उतरवून घ्यायचे. अप्रेझलमध्ये त्याच्यावर 'स्लो' असा शिक्का बसला. वैतागून त्यानं नोकरी सोडली. आता मीटिंगा वीस मिनिटांत आटपतात म्हणे. नंतर चहाच्या मशीनपाशी जो तो विचारत असतो, 'अरे, ठरलं काय?'

फडणीस गेले ५ डिसेंबर २०२३ ला. वय अवघं ५७. बातमी मी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये फोनवर वाचत होते. शेजारच्या अनोळखी मुलीनं स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, 'अरे, फ्रेडी गेला?' आडनाव तिला माहीत नसावं. घणसोली येईपर्यंत आम्ही दोघी त्याचेच सीन आठवत होतो.

२०१८ मध्ये थांबलेली 'सीआयडी' डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. मी कौतुकानं बघायला बसले. प्रद्युम्न होते, अभिजीत होता, दया होता. साळुंखे सर बोलायला लागले आणि मी सवयीनं मागच्या रांगेत बघत राहिले.