एका सत्रातला ऊस

परदेशी कॉलेजांतली मुले एका सत्रापुरती पुण्यात येतात, आपल्यासारख्यांच्या घरी राहतात. पर्यावरणाची त्यांना भारी ओढ! ऑगस्टात आलेल्या आमच्या पाहुणीला मी मांजरीला नेले. तिथे १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांच्या सभासद शेतकऱ्यांनी उभारलेली ऊस-संशोधनाची संस्था आहे. आज तिला वसंतदादांचे नाव आहे.

मळीपासून लिटरभर मद्यार्क काढला की ८ ते १५ लिटर काळपट सांडपाणी उरते. पोरीने लगेच विचारले, "मग ते जाते कुठे?" त्याचा गॅस होतो, कंपोस्टही होते. चहात साखर ढवळताना आपल्यापैकी कुणाला हे सुचते?

पण सत्र चार महिन्यांचे आणि आडसाली ऊस १६-१८ महिन्यांचा. लावण पाहिली, तोडणी राहिली. "काकू, पुढच्या डिसेंबरात स्वखर्चाने येते," म्हणाली.