पैदाशीचा मेंढा निवडताना: डोळ्याची पारख आणि नोंदवही
सांगली जिल्ह्यातील आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या मेंढ्याला कधी कधी लाखांत बोली लागते. पाहणारे नाकाचा बाक, उंची आणि अंगाचा भरदारपणा पाहतात. मेंढपाळाची ही पारख खोटी नसते, पण ती मेंढा कसा आहे एवढेच सांगते. त्याची कोकरे कशी निघतील, हा वेगळा प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नाचे अंकांत मांडलेले उत्तर म्हणजे पैदास मूल्य.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकाच कळपात, एकाच हंगामात जन्मलेली दोन नर कोकरे आहेत. तीन महिन्यांचे झाल्यावर पहिल्याचे वजन 15 किलो भरले आणि दुसऱ्याचे 13.5 किलो. डोळा पहिलाच निवडेल. नोंदवही उघडली तर दिसते की पहिले एकटे जन्मले होते, दुसरे जुळ्यातले. कळपातील एकट्या कोकरांची सरासरी 14 किलो, जुळ्यांची 11.5 किलो. म्हणजे पहिले आपल्या बरोबरीच्यांपेक्षा 1 किलोने पुढे, दुसरे 2 किलोने. या वजनाचा आनुवंशिकता गुणांक 0.25 धरला, तर पैदास मूल्ये अनुक्रमे 0.25 आणि 0.50 किलो येतात. बापाकडून निम्मेच जनुक मिळत असल्याने पिल्लांत त्यातला अर्धा भाग उतरेल. आकडे लहान वाटतात खरे. पण एक मेंढा एका हंगामात कित्येक मेंढ्या फळवतो आणि हा फरक पुढच्या पिढ्यांत साठत जातो.

केवळ थोराड कोकरू राखण्याच्या सवयीमुळे जुळ्यातले नर बाजूला पडतात, हे इथे लक्षात घ्यावे. लोकरीला भाव उरलेला नाही. धनगर कुटुंबाचे उत्पन्न मुख्यतः विकलेल्या कोकरांवर चालते, आणि दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. अशा वेळी नकळत जुळेपणाच्या विरुद्ध निवड करणे महागात पडते.

मेंढ्याच्या स्वतःच्या एका वजनावरून काढलेल्या अंदाजाची अचूकता वरील गुणांकाला 0.5 असते. त्याच्या 20 पिल्लांची वजने मिळाली, तर ती सुमारे 0.76 होते. अट एवढीच की चांगल्या मेंढ्या निवडून एकाच नराला दिलेल्या नसाव्यात. खरी अडचण मात्र गणिताची नाही. वाडा चाऱ्यासाठी गावोगाव फिरतो, कळपात दोन-तीन मेंढे एकत्र सोडलेले असतात, मग कोकराचा बाप कोणता लिहायचा? कानातला बिल्ला आणि वजनकाटा यांच्याआधी हा प्रश्न सुटावा लागतो. म्हणूनच दख्खनी मेंढीच्या शिस्तशीर नोंदी प्रामुख्याने संस्थांकडे आढळतात, जसे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या नेटवर्क प्रकल्पात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे.

जुळे होण्याचा गुण तर आणखी अवघड. तो नरात दिसतच नाही, मादीत उशिरा दिसतो, आणि त्याचा आनुवंशिकता गुणांकही कमी असतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावर वेगळी वाट धरली. सुंदरबनातील गरोळ ही मेंढी अंगाने अगदी लहान, पण तिच्यात ‘फेक-बी’ नावाचे जनुक आहे. याची एकच प्रत मिळाली तरी अंडाशयातून एका वेळी सुटणाऱ्या स्त्रीबीजांची संख्या वाढते. संस्थेने हे जनुक लोणंद भागातील दख्खनी मेंढ्यांत आणले आणि पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करून अंगाचा आकार परत मिळवला. ‘नारी सुवर्णा’ ती हीच.

2001 मध्ये या जनुकातील नेमका बदल सापडला. त्याआधी नर वाहक आहे का, हे ओळखायला त्याच्या मुली वयात येईपर्यंत थांबावे लागे. आता रक्ताच्या नमुन्यावरून कोकरू असतानाच कळते. दोन प्रती असलेला मेंढा साध्या मेंढ्यांना दिला, तर प्रत्येक मुलीला एक प्रत मिळतेच.

पण चाचणी एका जनुकापुरतीच बोलते. आईला दोघांपुरते दूध आहे का, जुळी तीन महिन्यांपर्यंत जगली का, त्यांची वजने काय, हे तिच्यात नसते. ते मुलींच्या नावापुढे, वेतागणिक, वहीतच लिहावे लागते.