छंदाच्या रकान्यात न मावलेले कोसंबी

लग्नाच्या बायोडेटात ‘छंद’ असा एक रकाना असतो आणि तो भरताना सहसा कुणी डोकं खाजवत बसत नाही. वाचन, संगीत, प्रवास. फार तर ट्रेकिंग. त्याच्या वरचा ‘शिक्षण व नोकरी’चा रकाना मात्र टक्क्यांसकट, कंपनीच्या नावासकट, पगाराच्या आकड्यासकट काळजीपूर्वक भरलेला असतो. व्याख्यानमालेत प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देतात तेव्हाही हाच प्रकार. पदव्या, पदं आणि पुरस्कार यांची आगगाडी धडधडत निघून जाते आणि शेवटी गार्डाचा डबा यावा तसं एक वाक्य येतं : ‘याशिवाय सरांना बागकामाची आवड आहे.’ सर कसनुसं हसतात.

जे जमतं ते वर आणि जे आवडतं ते खाली, या मांडणीत आपल्याला काही वावगं वाटत नाही, कारण बहुतेकांचं त्यात भागतं. दामोदर धर्मानंद कोसंबींचं भागलं नसतं. पेशानं ते गणिती. जन्म १९०७चा, गोव्यातल्या कोसबेनचा. हार्वर्डमधून १९२९ साली पदवी, मग १९३३ ते १९४५ फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक आणि त्यानंतर १९६२पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. राहायला मात्र पुण्यातच. डेक्कन क्वीननं ये-जा. इथवर सगळं वरच्या रकान्यात बसतं. खालच्यात काय लिहायचं? जुनी नाणी, संस्कृत सुभाषितं, टेकड्यांवर सापडणारी गारगोटीची हत्यारं, गावोगावच्या देव्या, सौरऊर्जा? अशी यादी केली की माणूस हरहुन्नरी वाटतो, आणि ‘हरहुन्नरी’ म्हटलं की आपण त्याला गंभीरपणे घ्यायचं थांबतो.

कोसंबींनी स्वतःच्या कामाची ओळख करून देणारा एक इंग्रजी निबंध लिहिला होता, ‘स्टेप्स इन सायन्स’. त्यांच्या मृत्यूनंतर १९७४ साली निघालेल्या स्मृतिग्रंथात तो आहे. त्यात यादी नाही, एकातून दुसऱ्यात कसे शिरलो याची हकिगत आहे. संख्याशास्त्र शिकायचं होतं. ते नुसतं पुस्तक वाचून येत नाही, खरा प्रश्न हाती घ्यावा लागतो. म्हणून त्यांनी आधी परीक्षेतले गुण तपासले आणि मग नाणी घेतली. ती कुणी पाडली हे कळेना, म्हणून जुने ग्रंथ उघडले. ग्रंथ नीट वाचायचे तर संस्कृत पक्कं हवं, म्हणून भर्तृहरी हाती घेतला. भर्तृहरी कोणत्या समाजात जगला हे विचारता विचारता ते इतिहासात आले आणि पुस्तकांत उत्तर मिळेना तेव्हा काठी घेऊन मावळातल्या वाटांवर निघाले.

यातला नाण्यांचा भाग तपशिलात सांगण्यासारखा आहे. आपल्याकडची सगळ्यांत जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. त्यांवर ना राजाचं नाव, ना साल. एका बाजूला सूर्य, डोंगर, प्राणी असे पाच ठसे आणि पाठीमागे कधी एखाददुसरा बारीक ठसा, तर कधी बरेच. वजन ठरलेलं : ३२ रत्ती, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. नाणकशास्त्राचे अभ्यासक तोवर प्रामुख्यानं ठशांचा अर्थ लावत बसले होते. कोसंबींनी तराजू आणला.

तर्क अगदी साधा होता. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. पण एका नाण्याच्या झिजेवरून काहीच ठरत नाही. एखादं वर्षानुवर्षं गाडग्यात पडून राहतं, एखादं रोज बाजारात जातं. शेकडो नाणी एकत्र तोलली तर मात्र दोन गोष्टी दिसतात. चलनातला काळ वाढतो तसं सरासरी वजन उतरतं आणि नाण्यानाण्यांतला वजनाचा फरक रुंदावत जातो. हे खरं आहे का, हे त्यांनी आधी आपल्या काळातल्या चलनी नाण्यांवर पडताळून पाहिलं. त्यांची सालं छापलेलीच असतात, त्यामुळे उत्तर जुळतं की नाही ते लगेच कळतं. मग तक्षशिलेच्या साठ्याकडे वळून पाहतात तो काय, पाठीमागे जितके ठसे जास्त तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे ते ठसे शोभेचे नव्हते. नाणी चलनात असताना त्यांची वेळोवेळी तपासणी होत असावी आणि प्रत्येक वेळी एक खूण पडत असावी. मुक्या नाण्याच्या पाठीवर त्याचं वय लिहिलेलं निघालं, तेही अक्षरांत नव्हे, आकड्यांत.

या पद्धतीला मर्यादा आहेत. नाणी एकाच साठ्यातली हवीत, चांदीचा कस सारखा हवा आणि संख्या भरपूर हवी. कोणता ठसा कोणत्या राजाचा याबद्दल कोसंबींनी केलेली विधानं पुढच्या अभ्यासकांनी सगळीच मान्य केली नाहीत. तरी साठा सापडला की आधी तोलून बघावा, ही शिस्त त्यांनी घालून दिली ती दिलीच.

भर्तृहरीचं कामही याच वळणाचं. नीती, शृंगार आणि वैराग्य ही शतकं मराठी वाचकाला वामन पंडितामुळे ओळखीची. पण हस्तलिखितं गोळा करायला लागलं की शतकात शंभर श्लोक राहतच नाहीत; प्रत्येक लेखनिकानं आवडलेला श्लोक घुसडलेला. कोसंबींनी प्रांतोप्रांतीच्या हस्तलिखितांची छाननी करून १९४८ साली चिकित्सक आवृत्ती काढली. तीत साडेआठशेच्या घरातले श्लोक तीन गटांत लावलेत : जवळजवळ सगळीकडे आढळणारे २००, संशयित आणि मग उरलेले. साठ्यातून खरी-खोटी नाणी वेगळी करणाऱ्याच्या हाताला हे काम परकं वाटलं नसणार. कवीबद्दलचं त्यांचं मत मात्र पुष्कळांना रुचलं नाही. त्या वैराग्यात त्यांना संन्यास कमी आणि आश्रयदात्याच्या दारात ताटकळलेल्या सुशिक्षिताची चडफड जास्त दिसली. मला हे मत एकांगी वाटतं, पण ते वाचल्यावर वैराग्यशतक पूर्वीसारखं वाचता येत नाही हेही खरं.

ही खोड घरातूनच आली होती का? वडील धर्मानंद कोसंबी माडांची शेतवाडी सोडून निघाले ते ‘बालबोध’ मासिकात वाचलेल्या बुद्धचरित्रामुळे, आणि पुढे पालीचे पंडित म्हणून हार्वर्डला पोहोचले. स्वतःची कहाणी लिहिली तेव्हा त्यांनी तिला ‘निवेदन’ एवढंच नाव दिलं. मुलाच्या स्वभावात तेवढा विनय नव्हता, असं त्यांना ओळखणारे सांगत. पाहिजे ते शिकण्यासाठी चालू पडण्याची तयारी मात्र तीच.

चालणं हे इथे शब्दशः घ्यायचं. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, कार्ले-भाजे-बेडशाच्या वाटांवर ते बारीक अश्महत्यारं वेचत फिरले. ती जिथे दाट सापडतात तिथेच बऱ्याचदा शेंदूर फासलेली एखादी आई किंवा म्हातोबा का असतो, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर असं की प्राचीन पशुपालकांच्या मोसमी वाटा जिथे एकमेकींना मिळत, तिथली दैवतं नांगर आल्यावरही हलली नाहीत. १९६२च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त हे सगळं आहे. वाकडच्या म्हातोबाला किंवा बोल्हाईला जाणाऱ्या पुणेकरानं ते एकदा वाचावं, आपल्या ओळखीची ठाणी पानोपानी भेटतात.

आता या हकिगतीची दुसरी बाजू. कुंपणं ओलांडायची सवय त्यांना एकदा चांगलीच महागात पडली. रीमानचं गृहीतक हा संख्यासिद्धांतातला अजूनही न सुटलेला प्रश्न. तो संभाव्यतेच्या वाटेनं सोडवल्याचा दावा त्यांनी १९५९ साली केला, आणि तो निबंध छापला कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांना ती सिद्धता पटली नाही. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर पैसा लावा, असंही ते तेव्हा लिहून-बोलून सांगत, तेही होमी भाभांच्या संस्थेत राहून. १९६२ साली त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. यांतल्या कशामुळे, यावर अजून वाद होतात. १९६६च्या जूनमध्ये ते गेले.

आज हिशेब मांडला तर दोन रकान्यांची अदलाबदल झालेली दिसते. पगार ज्या गणितासाठी मिळत होता त्यातलं त्यांचं शुद्ध भूमितीचं काम मोजक्या तज्ज्ञांपुरतं राहिलं. जाता जाता केलेलं काम मात्र रोज वापरात आहे. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर ती पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून सुटतात यावरून काढतात. अंतर मोठं असेल तर फसगत होते, कारण मध्ये दोन ठिकाणी अदलाबदल झाली तर एक दुसरीला झाकून टाकते. हाल्डेनच्या १९१९च्या सूत्रात या अदलाबदली एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या होत्या. प्रत्यक्षात एक झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. हा अडथळा हिशेबात धरणारं सूत्र कोसंबींनी १९४४ साली चार पानांच्या टिपणात दिलं. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणाऱ्या संगणक-प्रणालीत आजही सुरुवातीलाच निवड करावी लागते : हाल्डेन की कोसंबी. ज्वारी-तुरीवर काम करणारा एखादा संशोधक दुसऱ्या नावावर टिचकी मारतो आणि पुढच्या कामाला लागतो. भर्तृहरीवाले कोसंबी ते हेच, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.